टाइल्स राहू द्या, आधी वाळू बदला

आपला नगरपरिषदेचा तरणतलाव पुन्हा सुरू होणार, ही बातमी तुम्ही वाचली असेल. मीच दिली होती, तीन कॉलम, फोटोसकट. अंदाजपत्रक तयार आहे आणि येत्या बुधवारच्या सर्वसाधारण सभेत विषय मंजुरीला येतोय. पेपरात जागा मोजून मिळते, म्हणून तिथं जे बसलं नाही ते इथं लिहितोय. पोस्ट मोठी आहे. ज्यांची पोरं या उन्हाळ्यात टँकवर जाणार आहेत त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

अंदाजपत्रकाची प्रत मी पाहिली. त्यात नवीन टाइल्स आहेत, प्रवेशद्वारावर कमान आहे, रंगीत एलईडी लाइट आहेत, छोट्यांसाठी घसरगुंडी आहे, सेल्फी पॉइंट आहे (त्याशिवाय हल्ली आपल्याकडं शौचालयाचंही उद्घाटन होत नाही), आणि एक 'रोबोटिक पूल क्लीनर' आहे. पाणी स्वच्छ करणाऱ्या फिल्टरसाठी काय आहे म्हणून पानं उलटत गेलो. अगदी शेवटी एक ओळ सापडली: 'फिल्ट्रेशन प्लांटची किरकोळ दुरुस्ती व रंगकाम.'

रंगकाम!

टँक बंद का पडला, याची गावात तीन-चार उत्तरं आहेत. कुणी म्हणतं कोरोनामुळं, कुणी म्हणतं गळती होती, कुणी म्हणतं पाणीटंचाई. कोरोनानंतर टँक एक उन्हाळा चालला होता, हे बरेच जण विसरलेत. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात पाणी गढूळ झालं, मे महिन्यात हिरवं झालं, पोरांचे डोळे लाल व्हायला लागले, आयांनी तक्रारी केल्या आणि मग गेटवर 'तांत्रिक कारणास्तव बंद' असा कागद लागला. ते तांत्रिक कारण आजही तिथंच, पंप हाऊसमध्ये बसलेलं आहे. मी गेल्या आठवड्यात जाऊन बघून आलो.

टँकवर पंधरा वर्षं काम केलेले रोजंदारीवरचे मामा माझ्यासोबत आले होते. नाव लिहीत नाही, त्यांचं अजून दोन महिन्यांचं येणं बाकी आहे. पंप हाऊसमध्ये माणसाच्या छातीएवढ्या उंचीच्या दोन गोल टाक्या आहेत. त्यावर प्रेशर दाखवणारी दोन गेज. एकाची काच फुटलेली, दुसऱ्याचा काटा कायम शून्यावर. मी विचारलं, मामा, मग बॅकवॉश कधी करायचा हे तुम्हाला कळायचं कसं?

"कळतंय की साहेब. पायपाला हात लावून बघायचं. थरथर कमी झाली की समजायचं चोंदलंय."

आणि आतली वाळू कधी बदलली होती?

"मी आल्यापासून तर नाही."

म्हणजे पंधरा वर्षं. फिल्टरची वाळू साधारण पाच ते सात वर्षांत बदलायची असते. आपल्याकडं बोअरचं पाणी, ते जड. त्यात वर्षानुवर्षं ब्लीचिंग पावडर टाकलेली. त्या पावडरीत चुना असतो. तो चुना, पोहणाऱ्यांच्या अंगावरचं तेल आणि तुरटीचा चिकट गाळ मिळून वाळूचे गोळे होतात. मग पाणी गोळ्यांच्या मधल्या फटींतून सरळ खाली पळतं आणि जसं आलं तसं परत टँकमध्ये जातं. मोटर चालू, वीजबिल चालू, आवाज येतोय म्हणजे फिल्टर चाललाय असं सगळ्यांना वाटतं. प्रत्यक्षात गाळणीला भोकं पडलेली.

ही गोष्ट अवघड नाही. वाळूचा फिल्टर म्हणजे आपल्या फिल्टर हाऊसवर शहराचं पाणी ज्या तत्त्वावर शुद्ध होतं तेच तत्त्व, फक्त बंद टाकीत आणि दाबाखाली. वरून पाणी सोडायचं, साधारण अर्धा ते एक मिलिमीटर दाण्याच्या वाळूच्या थरातून ते खाली येतं, घाण वाळूत अडकते. घाण साचली की दाब वाढतो. धुतल्यानंतर गेज जो आकडा दाखवतं त्यापेक्षा अर्धा किलोच्या आसपास आकडा वर गेला, की व्हॉल्व्ह फिरवून पाणी उलटं सोडायचं. वाळू उसळते, घाण नाल्यात जाते. याला बॅकवॉश म्हणतात. त्यानंतर मिनिटभर 'रिन्स' करायचं, नाहीतर सुटलेली घाण पहिल्या झटक्यात पुन्हा टँकमध्ये. झालं. एवढ्यासाठी चालू गेज, न गळणारा व्हॉल्व्ह आणि आकडा वहीत लिहिणारा माणूस लागतो. तिन्ही मिळून त्या कमानीपेक्षा स्वस्त.

यातली एक गंमत मलाही नवीन होती. वाळू सारखी सारखी धुतली तरी पाणी गढूळच राहतं. थोडी मळलेली वाळू जास्त बारीक कण अडवते. म्हणून 'रोज सकाळी बॅकवॉश' हा काही ठिकाणी असलेला नियमही चुकीचा आहे. पाणीही वाया आणि गाळणंही कमी. गेज बघा, घड्याळ बघू नका. पण गेज बंद असेल तर माणूस काय बघणार?

आता जरा हिशोब करू. हिशोब सभेत कुणी करणार नाही, म्हणून इथं.

आपला टँक 25 मीटर लांब, 12.5 मीटर रुंद. उथळ बाजूला 1 मीटर, खोल बाजूला 1.8, म्हणजे सरासरी 1.4 मीटर खोली. पाणी झालं साधारण 4 लाख 37 हजार लिटर. सार्वजनिक तलावाचं सगळं पाणी निदान सहा तासांत एकदा फिल्टरमधून फिरायला हवं. गर्दीच्या टँकला तर चार तास धरतात. सहा धरले तरी ताशी 73 हजार लिटर. वाळूच्या एक चौरस मीटरमधून ताशी 30 हजार लिटर हा सुरक्षित वेग मानला, तर अडीच चौरस मीटर वाळू लागते, म्हणजे सव्वा मीटर व्यासाच्या दोन टाक्या. आपल्याकडच्या दोन टाक्या मी टेपनं मोजल्या. व्यास भरला एक मीटरच्या आत. दोन्ही मिळून दीड चौरस मीटरसुद्धा होत नाही. म्हणजे आतली वाळू नवी करकरीत असती तरी हा प्लांट या टँकला लहानच पडला असता. पंप मोठा लावून पाणी जोरात ढकललं तर कण वाळूत अडकायच्या ऐवजी आरपार जातात. हे 'किरकोळ दुरुस्ती व रंगकाम' लिहिणाऱ्या अभियंत्यांना माहीत नसेल असं मला वाटत नाही. त्यांना कुणी विचारलं नसेल, एवढंच.

अजून एक आकडा. टँकमध्ये गाळलेलं पाणी न गाळलेल्या पाण्यातच मिसळत असतं. त्यामुळं सगळ्या पाण्याएवढं पाणी एकदा फिल्टरमधून गेलं, तरी प्रत्यक्षात टँकमधलं साधारण 63 टक्केच पाणी गाळून झालेलं असतं. चार फेऱ्या झाल्या की 98 टक्क्यांवर जातं. सहा तासांची एक फेरी, चार फेऱ्या, म्हणजे हंगामात मोटर रात्रंदिवस चालायला हवी. आपल्याकडं मोटर किती चालायची? मामा म्हणाले, सकाळी दोन तास, संध्याकाळी दोन तास. बिल येतं म्हणून सायबांनी सांगितलं होतं. साडेसात एचपीची मोटर म्हणजे साडेपाच युनिटच्या आसपास तासाला. चोवीस तास चालवली तर महिन्याला चार हजार युनिट. युनिटला 10 रुपये धरा, 40 हजार रुपये. अंदाजपत्रकात वीजबिलाची ओळच नाही. ते म्हणे 'महसुली खर्चातून' होईल. मागच्या वेळीही महसुली खर्चातूनच होणार होतं.

आता औषधाकडं येतो, कारण गैरसमज तिथं जास्त आहेत.

टँकवर गेल्यावर नाकाला झोंबणारा वास आला की आपण म्हणतो, वा, भरपूर क्लोरीन टाकलेला दिसतोय. उलटं आहे. पाण्यात मोकळा असलेला क्लोरीन फारसा वास मारत नाही. घाम, लघवी, अंगाचा मळ यांच्याशी त्याचा संयोग झाला की क्लोरामाइन नावाची संयुगं तयार होतात. तो वास त्यांचा आणि डोळे लाल करणारी तीच. म्हणजे वास तीव्र असेल तर क्लोरीन खर्ची पडलाय आणि घाण शिल्लक आहे. पोरांना आधी शॉवर घ्यायला लावा हे टँकवरचे काका ओरडून सांगतात ते याच्यासाठी. मागच्या वेळी दोनपैकी एका शॉवरला पाणी नव्हतं, ते वेगळं.

पाण्यात मोकळा क्लोरीन 1 ते 3 पीपीएम पाहिजे आणि पीएच 7.2 ते 7.8 मध्ये पाहिजे. पीएचकडं कुणी बघत नाही. पण पीएच साडेसात असताना क्लोरीनचा निम्मा भाग जंतू मारायच्या कामाचा असतो आणि तोच पीएच 8 झाला की पाव भाग उरतो. बोअरचं पाणी आणि ब्लीचिंग पावडर दोन्ही पीएच वर नेणारे. म्हणजे आपण गोणीच्या गोणी ओततो आणि त्यातली पाऊण ताकद वाया घालवतो. हिरवं पाणी का झालं, याचं उत्तर यात बरंचसं आलं. त्यात मे महिन्याचं ऊन. उघड्या टँकमधला साधा क्लोरीन दोन-चार तासांत उडून जातो. टीसीसीएच्या गोळ्यांमध्ये उन्हापासून वाचवणारा स्टॅबिलायझर असतो, पण तो पाण्यात साचत जातो आणि फार साचला की क्लोरीनला सुस्त करतो. मग टेस्टमध्ये रंग छान येतो आणि पाणी मात्र हिरवं व्हायला लागतं. त्यावर उपाय एकच, थोडं थोडं पाणी बदलत राहणं.

टेस्टवरून आठवलं. ग्रामपंचायतीचे आणि पाणीपुरवठ्याचे लोक ओटी टेस्ट करतात, दोन थेंब टाकले की पाणी पिवळं होतं. पिण्याच्या पाण्यासाठी ती चालून जाते. टँकसाठी डीपीडी किट पाहिजे, ज्यात पाणी गुलाबी होतं. कारण कामाचा मोकळा क्लोरीन किती आणि वाया गेलेला किती, हे ओटीत नीट वेगळं कळत नाही. हे किट खिशात मावतं आणि त्याला टेंडर लागत नाही. मागच्या पूर्ण हंगामात टँकवर कुठलंच किट नव्हतं. मामा पाणी ओंजळीत घेऊन वास बघायचे आणि डबा ओतायचे. त्यांची चूक नाही. त्यांना कुणी शिकवलं नाही आणि साधन दिलं नाही. हातमोजेसुद्धा स्वतःच्या पैशानं आणलेले.

आणि ही फक्त डोळे लाल होण्याची गोष्ट नाही. जानेवारी 2024 मध्ये पिंपरी-चिंचवडच्या कासारवाडीतल्या महापालिकेच्या तलावावर क्लोरीन वायूची गळती झाली आणि डझनाहून जास्त लोकांना दवाखान्यात न्यावं लागलं. एवढी मोठी, श्रीमंत महापालिका. आपल्या पंप हाऊसमध्ये मी काय पाहिलं? ब्लीचिंगची अर्धी गोणी, टीसीसीएचा उघडा डबा आणि ॲसिडचा कॅन, तिन्ही एका कोपऱ्यात, पावसाचं पाणी झिरपणाऱ्या भिंतीला टेकून. ब्लीचिंग आणि टीसीसीए एकमेकांत मिसळले तर पेट घेऊ शकतात, स्फोटही होतो. यातल्या कशावरही ॲसिड सांडलं तर क्लोरीन वायू निघतो. मी फोटो काढलेत आणि मुख्याधिकाऱ्यांना पाठवलेत. टँक बंद असला तरी शेजारच्या मैदानावर पोरं रोज क्रिकेट खेळतात. साहेब, अंदाजपत्रक मंजूर व्हायची वाट न बघता हा कोपरा उद्या सकाळी मोकळा करा.

केरळमधल्या 'मेंदू खाणाऱ्या अमिबा'चे मेसेज आपल्या ग्रुपांवर फिरत असतात. त्याबद्दल दोन वाक्यं. तो अमिबा कोमट, गोड्या पाण्यात वाढतो आणि नाकावाटे शिरतो, पाणी पिऊन होत नाही. आजार फार दुर्मीळ पण फार घातक. ज्या टँकमध्ये क्लोरीन योग्य प्रमाणात सतत टिकवलेला असतो तिथं तो तगत नाही. म्हणून मेसेज फॉरवर्ड करण्यापेक्षा टँकवर जाऊन आजचं रीडिंग विचारलेलं बरं.

आता तो रोबो. सभेत सगळ्यात जास्त टाळ्या त्यालाच पडतील. मी रोबोच्या विरोधात नाही. तो तळावर फिरतो, घासतो, गाळ स्वतःच्या पिशवीत घेतो, माणसाचे दोन तास वाचवतो. पण तो तळाला बसलेली घाण काढतो, पाण्यात तरंगणारी अतिबारीक घाण नाही, आणि जंतू तर अजिबात नाही. फिल्टर मेलेला असताना रोबो घेणं म्हणजे घराचं गटार तुंबलेलं असताना भारीतला झाडू आणणं. शिवाय त्याची पिशवी रोज धुवावी लागते, केबलला पीळ बसतो, आणि त्याची सर्व्हिस पुण्या-मुंबईत. आपल्याकडं फॉगिंग मशीनचं काय झालं ते आठवा. एक स्पेअर पार्ट येईना म्हणून दोन पावसाळे ते गॅरेजमध्ये पडून होतं.

त्यापेक्षा साधं सक्शन घ्या. लांब दांडा, खाली चाकाचं हेड, पाइप थेट पंपाच्या सक्शनला. रात्री पीएसी किंवा तुरटी योग्य मापात सोडायची, मोटर बंद ठेवायची, गढूळपणा खाली बसू द्यायचा आणि पहाटे हळूहळू सक्शन मारून तो गाळ फिल्टरमध्ये न नेता थेट बाहेर सोडायचा. हळूहळू हा शब्द महत्त्वाचा आहे. घाईनं मारलं की सगळं पुन्हा वर. मामांना हे काम हातखंडा येतं. भिंतीला ब्रश, पाण्यावरची पानं काढायला जाळी, पंपाच्या तोंडाशी केस अडवणारी टोपली रोज रिकामी करणं, यात कुठंही सॉफ्टवेअर नाही.

काही जण विचारतील, मग फिल्टर तरी भारीतला घ्या, वाळूच कशाला? बाजारात कार्ट्रिज आहेत, डीई पावडरचे फिल्टर आहेत. डीई तर वाळूपेक्षा खूप बारीक गाळतो, पाणी काचेसारखं दिसतं. पण प्रत्येक बॅकवॉशनंतर नवीन पावडर चढवावी लागते आणि ती पावडर श्वासात जाऊ न देता हाताळावी लागते. कार्ट्रिज बंगल्याच्या पूलला ठीक. दीडशे पोरं उतरणाऱ्या टँकला ती धुता धुता माणूस थकेल. आपल्या गावात काय टिकेल, हे बघून निवड करायची असते. वाळूचा फिल्टर बिघडला तर गावातला प्लंबर उघडू शकतो आणि फिल्टर हाऊसवरचे आपले कर्मचारी हेच काम वर्षानुवर्षं करतायत. फक्त वाळू नदीची नको. ठरावीक दाण्याची, धुतलेली सिलिका वाळू लागते. नाहीतर आपल्याकडं 'वाळू' म्हटलं की कुठली येईल ते सांगायला नको.

मला ठाऊक आहे, पाण्याचा मुद्दा निघणार. आठ दिवसांनी नळ येणाऱ्या गावात बॅकवॉशला पाणी वाया घालवायचं का? बरोबर प्रश्न आहे. नवीन दोन टाक्यांच्या एका बॅकवॉशला आठ हजार लिटरच्या आसपास पाणी लागेल. आठवड्यातून दोनदा म्हणजे सोळा हजार. ते पाणी वेगळ्या टाकीत साठवून, एक-दोन दिवस उन्हात क्लोरीन उडू देऊन, मैदानाच्या झाडांना देता येतं. आणि फिल्टर नसला तर? मागच्या वेळी पाणी हिरवं झालं म्हणून हंगामात दोनदा अख्खा टँक रिकामा केला. 4 लाख 37 हजार लिटर, म्हणजे 12 हजार लिटरचे छत्तीस टँकर. दोनदा. ते पाणी मागच्या नाल्यात सोडलं, त्याच आठवड्यात वरच्या आळीत बायका हंडे घेऊन रस्त्यावर बसल्या होत्या.

हिरवं पाणी फक्त आपल्याकडं होतं असंही नाही. 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये डायव्हिंगचा तलाव सगळ्या जगासमोर हिरवा झाला होता. एका ठेकेदारानं पाण्यात हायड्रोजन पेरॉक्साइड ओतलं, त्यानं क्लोरीन मारला आणि शेवाळाला मोकळं रान मिळालं. तिथं पैसा कमी नव्हता. कुणी काय ओतलं हे वेळेवर कुणी तपासलं नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय त्या टँकचं? रस्ते धड नाहीत, दवाखान्यात डॉक्टर नाही.

मी तालुक्याची बातमीदारी करतो. दर उन्हाळ्यात एप्रिल ते जून 'विहिरीत बुडून मृत्यू', 'शेततळ्यात बुडून मृत्यू', 'खदानीत बुडून मृत्यू' अशा एका कॉलमच्या बातम्या मला लिहाव्या लागतात. वय बहुतेक दहा ते सतरा. शेततळ्याच्या प्लास्टिकवर पाय ठरत नाही, पोहता येणाऱ्यालाही काठ चढता येत नाही. मग न येणाऱ्याचं काय? ज्या गावात नदीला पाणी नाही आणि टँकला कुलूप आहे, त्या गावातली पोरं पोहायला शिकणार कुठं? उकाडा झाला की ती कुठंतरी उतरणारच. टँक म्हणजे श्रीमंतांची हौस, हे बोलणाऱ्यांनी एकदा त्या कात्रणांची फाइल बघायला माझ्याकडं यावं.

आणि टँक सुरू झाला पण पाणी गढूळ असलं, तर तो विहिरीएवढाच धोकादायक. बुडणारं पोर सिनेमातल्यासारखं ओरडत नाही, गुपचूप खाली जातं. काठावरच्या जीवरक्षकाला तळ दिसला तरच ते दिसणार. म्हणून एक साधी परीक्षा सांगतो, कुठल्याही किटशिवाय. सगळ्यात खोल भागाच्या काठावर उभे राहा आणि तळाची जाळी बघा. जाळीच्या पट्ट्या स्पष्ट दिसल्या पाहिजेत. दिसत नसतील तर त्या दिवशी पोराला पाण्यात उतरवू नका, फी भरलेली असली तरी. आणि टँकवरच्या माणसानंही तिकीट फाडू नये. हा नियम गेटवर मोठ्या अक्षरात लिहा, त्या सेल्फी पॉइंटच्या जागी.

बुधवारच्या सभेसाठी सर्व पक्षांच्या नगरसेवकांना माझी विनंती आहे. निवडणुकीत तुम्ही सगळ्यांनीच 'टँक सुरू करू' म्हटलं होतं. तर हा विषय मंजूर करताना टाइल्स आणि कमान मागं ठेवा आणि पुरेशा मापाचे नवे फिल्टर, वाळू, चालू गेज यांना पुढं आणा. फिल्टरच्या टाकीचा व्यास, वाळूचं वजन आणि पंपाची ताशी क्षमता ठरावात आकड्यांनी लिहून घ्या, कारण 'आवश्यकतेनुसार' या शब्दात आपल्याकडं बरंच काही गायब होतं. वीज आणि औषधाची तरतूद वेगळ्या ओळीत दाखवा. फिल्टर हाऊसवरच्या एका जाणत्या माणसाकडून टँकच्या लोकांना आठवडाभर शिकवून घ्या, बाहेरून तज्ज्ञ आणायची गरज नाही. मामांसारख्यांना हंगामापुरतं रोजंदारीवर न ठेवता नीट नेमणूक द्या, आणि तोवर त्यांचं थकलेलं येणं द्या. ठेकेदाराला देखभाल द्यायची असेल तर बिलासोबत रोजची नोंदवही जोडल्याशिवाय पैसे काढू नका.

आणि गेटवर एक फळा लावा. खडूनं लिहायचा साधा फळा, डिजिटल नको. सकाळी सहाच्या बॅचआधी आणि संध्याकाळच्या बॅचआधी त्यावर क्लोरीन, पीएच, गेजचा आकडा, शेवटचा बॅकवॉश कधी झाला आणि लिहिणाऱ्याची सही. दोन दिवस फळा कोरा दिसला तर मला फोटो पाठवा, छापायचं काम माझं.

काल एका नगरसेवकांना फोनवर हे सगळं ऐकवलं. ते हसून म्हणाले, "भाऊ, वाळूचं उद्घाटन कसं करायचं सांगा, लगेच ठराव मांडतो." मी म्हटलं, टाकीचं झाकण उघडून जुनी वाळू बाहेर काढताना फोटो काढा, पहिल्या पानावर लावायला मी संपादकांशी बोलतो. त्यावर ते 'बघू' म्हणाले.

सभा बुधवारी सकाळी अकरा वाजता, नगरपरिषदेच्या सभागृहात. मी तिथं असणार आहे. लाइव्ह करायला परवानगी मिळाली तर करतो, नाहीतर कोण काय बोललं ते संध्याकाळी इथंच लिहितो.